बान्याच्या पिशवीतलं पाकीट

तारीख ३ एप्रिल १९८३, रविवार. रक्कम एकशे एक रुपये : शंभराची एक नोट, एकाची एक, दोन्ही कोऱ्या, पांढऱ्या पाकिटात घालून वर शाईनं आकडा लिहिलेला. हजर माणसं चार : मी, माझी बायको सुमन, माझी माय, आणि ज्याच्या हातात पाकीट दिलं तो सुक्कू परधान; मुलगी आजोळी गेलेली. वेळ सकाळी साडेदहाची. ठिकाण पांढुर्ण्यातलं आमचं भाड्याचं घर, मंडीच्या मागच्या गल्लीत.

हे सगळं इतकं नेमकं लक्षात राहिलं, कारण त्या दिवशी मी एक चूक केली, आणि तीही नेमकेपणानंच केली.

आज सहा वर्षांनी ते लिहायला बसलो त्याला कारण मोहाचं झाड. मंडीच्या कुंपणाबाहेर एकच आहे. परवा पहाटे काट्यावर लवकर जायचं होतं म्हणून तिकडून निघालो, तर पायाखाली काहीतरी मऊ, ओलसर दबलं. वाकून पाहिलं. फुलं पडायला लागली होती. फिकट पिवळी, फुगीर, दवानं जड झालेली. वास असा की घशात उतरतो. झाडाखाली अंदाजे दोन पायली फुलं असतील आणि वेचणारं कोणी नव्हतं. एक गाय तेवढी आली, चार तोंडं मारून गेली. पूर्वी या वेळेला तिथं माय असायची. फडकं अंथरून, कमरेत वाकून, एकेक फूल उचलायची आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत राहायची. मी लांबून हाक मारली की गप्प व्हायची.

आम्ही गोंड. आडनाव उईके. माझे वडील चैतू उईके पांढुर्ण्याच्या मंडीत हमाल होते आणि मी त्याच मंडीत काट्यावर कारकून आहे. त्यांनी पाठीवर वाहिलेलं वजन पुढं मी वहीत लिहू लागलो. एका पिढीत एवढीच प्रगती झाली, पण मी ती कमी मानत नाही.

परधान म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण माझ्या शेजाऱ्यांनाही ते ठाऊक नाही. आमच्याकडे सांगतात की मुळात सात भाऊ होते. सहा जण शेतीला लागले. धाकट्याला बडादेवापुढं बाना वाजवायचं काम आलं. बाना म्हणजे तीन तारांचं वाद्य. तारा घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या, आणि वाजवतात धनुकलीनं. धाकटा पेरत नाही, कापत नाही. तो सहाही घरांच्या पिढ्या ध्यानात ठेवतो. कोण कोणाचा, कोणत्या गावचा, तिथून कुठं गेला. दर तीन वर्षांनी तो येतो, बाना लावतो आणि तुमचे सगळे मेलेले तुमच्या अंगणात आणून बसवतो. घरात कोणी गेलं असेल तर त्याचं नाव त्या वेळी ओळीत बसतं. तोवर तो माणूस मेला खरा, पण कुठं पोचला नाही, असं माय म्हणायची.

वडील १९८२ च्या दिवाळीआधी गेले. म्हणून त्या मोहाच्या हंगामात सुक्कूकाकानं येणं आणि वडिलांचं नाव ओळीत बसणं, एवढ्या एकाच गोष्टीवर माय पाच महिने टिकून होती.

मायचं एकटेपण मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेही आकड्यांतून. तिची भाषा गोंडी. वडिलांची गोंडी. घरात ते दोघंच आपसात ती बोलत. आम्हाला त्यांनी मराठीच दिली. शाळेत मार बसू नये, मंडीत कोणी हसू नये म्हणून. सुमन सौसरकडची, गोंडच, पण तिच्या घरात गोंडी दोन पिढ्यांपूर्वीच संपलेली. वडील गेले त्या दिवशी मायचा नवरा गेला आणि तिच्या भाषेतलं शेवटचं माणूसही गेलं. एका रविवारी सहज म्हणून मी मोजलं. सकाळी सहापासून दिवे लागेपर्यंत माय अठरा वाक्यं बोलली. सगळी मराठीत. सगळी पाण्याची, जेवणाची, नाहीतर 'दार लाव' अशी. अठरा वाक्यांत माणूस दिवस काढतो. काट्यावर उभा राहून मी तासाला तेवढी नुसती आकड्यांची बोलतो.

सुक्कूकाका आला तो सौसरच्या बसनं. डोक्याला लाल फेटा, खांद्याला घोंगडीच्या तुकड्याची लांब पिशवी, तिच्यातून बान्याचं टोक बाहेर.

“जोहार, वयनी,” तो दारातूनच म्हणाला.

माय चुलीपुढं होती. ती उठली, आणि मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात ऐकलेलं तिचं सर्वांत लांब बोलणं. मला त्यातलं एकच कळलं, 'एर', म्हणजे पाणी. तेवढं मी आणून दिलं. काकानं तांब्या तोंडाला न लावता वरून ओतलं, काहीतरी म्हणाला, आणि माय हसली. पदर तोंडाशी नेऊन, खांदे हलवून हसली.

सुमन आतून बाहेर आली. “माय हसून राहिली का?”

“हाव.”

“काय म्हन्ते ते?”

“मले काय ठाऊक?”

“तुमची माय, तुमचा काका, आन् तुमाले ठाऊक नाई,” सुमन म्हणाली. “मंग मंडीत मोठे बाबू बनून कायले फिरता?”

ती चेष्टेत म्हणाली होती. मीही हसलो. आता वाटतं, त्या सकाळी आमच्या घरात कोणी खरं बोललं असेल तर ती सुमनच.

माय मागच्या अंगणात गेली. वडिलांचा पितळी लोटा चिंचेनं घासायला घेतला. तो आदल्या दिवशीच घासलेला होता, तरी पुन्हा घासत होती. मी आणि काका ओसरीत उरलो. मी खिशातून पाकीट काढलं.

इथं मला माझं तत्त्व सांगितलं पाहिजे, नाहीतर मी नुसताच मूर्ख ठरेन. वडिलांना दर पोत्यामागं पैसे मिळायचे. संध्याकाळी हिशेबाला उभे राहिले की व्यापारी म्हणायचा, “उद्या ये रे चैतू.” उद्या गेलं की चार पोती कमी निघायची. मी आठवीत असताना त्यांच्याबरोबर तसा उभा राहिलो आहे. कंदिलाच्या उजेडात ते हात जोडून आणि मी त्यांच्या धोतराचं टोक धरून. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या दारात कष्ट करणारा माणूस पैशासाठी ताटकळणार नाही. गवंडी असो, सुतार असो, आमच्याकडे आधी पैसे आणि मग काम. गल्लीत त्याबद्दल माझं नाव आहे.

“काका, हे तुमचं. आधी घेऊन ठेवा,” मी म्हणालो. “मंग सावकाश होऊ द्या.”

“हे कायचं?”

“तुमच्या कामाचं.”

“कामाचं?”

“हाव. आमच्या घरी कोनाले थांबवत नाई आमी.”

त्यानं पाकिटाकडे पाहिलं. वरचा आकडा त्याला वाचता येत होता की नाही, कोण जाणे. मग पाकीट कपाळाला लावलं, बान्याच्या पिशवीत सरकवलं, पिशवीच्या तोंडाची दोरी आवळली. “जोहार,” म्हणाला आणि बाहेर पडला.

मला वाटलं, बिडी प्यायला गेला. मी घोंगडी अंथरली. तो बसेल तिथून भिंत जवळ येईल म्हणून हातभर पुढं ओढली. दहा मिनिटं झाली. माय लोटा घेऊन आली, त्यात आपलं तोंड दिसतं का बघत.

“कुठी गेले भाऊजी?”

“बिडी प्याले गेले असतील.”

“आन् बाना?”

“बाना घेऊनच गेले.”

तिनं लोटा खाली ठेवला. “तुनं काई देलं का त्याले?”

“एकशे एक.”

“कवा?”

“आत्ता.”

“गान्याच्या आंधी?”

माय दारापर्यंत गेली. गल्लीत ऊन होतं आणि एक कुत्रं झोपलेलं होतं, एवढंच. ती परत आली. आवाज चढला नाही तिचा.

“आंधी मजुराले देतेत, बाप्पा. भावाले हिस्सा देतेत, तो मागून. घरच्या बाईच्या हातानं, मेलेल्या मान्साच्या वापरातलं देतेत. तुनं त्याले मजूर केलं आन् वाटे लावलं.”

मी सायकल काढून स्टँडवर गेलो. सौसरची बस सुटून सात मिनिटं झाली होती.

एक वर्ष गेलं. ते कसं गेलं यावर सांगण्यासारखं फार नाही, कारण घरात काही घडतच नव्हतं. माय माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. ती जेवायला वाढायची, मीठ विचारायची, अठरा वाक्यं पुरी करायची. त्या वर्षीची मोहफुलं तिनं गच्चीवर वाळत घातली तेव्हा शेजारच्या वहिनी जिन्यातून ओरडल्या, “काहो, भट्टी लावता का आता? साऱ्या गल्लीत वास सुटून राहिला!” सुमनला लाज वाटली. ती मला म्हणाली, मायला सांगा. मी सांगितलं नाही, पण माय ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सगळी फुलं तिनं गोळा केली आणि आपल्या खाटेखाली कागदावर पसरली. अंधारात ती वाळली नाहीत. काळी पडली. आमच्या घरात मोहाची दारू कधी झाली नाही. ती फुलं भाजून, तिळाबरोबर कुटून माय लाडू करायची. वडिलांना ते आवडत. त्या वर्षी ते खाणारंही कोणी नव्हतं. तरी तिनं वेचली, कारण मोह पडला की वेचायचा, तो तसाच सोडून जायचं तिला माहीतच नव्हतं.

त्याच सुमारास मुलीच्या वसतिगृहासाठी जातीचा दाखला काढायला मी कचेरीत गेलो. जुना पुरावा लागतो. आजोबांचं गाव कोणतं, जमिनीचा काही कागद आहे का, असं टेबलापलीकडच्या साहेबांनी विचारलं. माणूस सभ्य होता, खुर्ची दिली. मी म्हणालो, आजोबांचं गाव सरकारी जंगलात गेलं, त्यांना उठवलं, कागद नाही. “मग त्याआधीचं?” त्याआधीचं सगळं एका माणसाला पाठ होतं आणि त्याला मी एकशे एक रुपये देऊन घालवलं होतं. आमच्या लोकांचं छिंदवाड्याजवळच्या देवगडला राज्य होतं, नागपूर शहर आमच्याच राजानं वसवलं, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत आहे. पण त्या राज्यापासून मंडीच्या मागच्या गल्लीपर्यंत उईके कोणत्या वाटेनं आले, ते कुठल्याही पुस्तकात नाही. दाखला पुढं दुसऱ्या कागदावर मिळाला. माझ्या मनातला प्रश्न तसाच राहिला.

काकाला शोधायला मी दोनदा गेलो. पहिल्यांदा त्याच वर्षीच्या मे महिन्यात. तो दुसऱ्या घरांकडे फिरतीवर होता, दार बंद. दुसऱ्यांदा १९८४ च्या मार्चमध्ये, होळीनंतरच्या शनिवारी. बस जामसांवलीच्या हनुमानाला जाणाऱ्यांनी खचाखच भरलेली. नारळ, फुलांच्या पुड्या, मांडीवर पोरं, जयजयकार. फाट्यावर सगळे उतरले. बसमध्ये मी, कंडक्टर आणि मागं एक म्हातारी उरलो. एवढा मोठा आवाज एकदम थांबल्यावर कानात दडे बसल्यासारखं झालं. वाटलं, घर असं रिकामं झाल्यावर मायलाही हेच ऐकू येत असेल.

सौसरच्या पुढं चार किलोमीटर चालत त्याचा ढाना, म्हणजे वस्ती. एकोणीस घरं. वाटेत संत्र्याच्या बागा, मग कापूस उपटून मोकळी केलेली रानं, मग एकदम दगड. काका अंगणात बसला होता. छपराचं गवत एका बाजूनं उडालेलं, तिथं प्लास्टिकचं पोतं टाकून दगड ठेवलेले. त्यानं मला ओळखलं आणि हातानं बस म्हणाला. बोलला तेव्हा धक्का बसला. आवाज नव्हता, नुसता वारा होता.

“पावसाळ्यात गेला घसा,” तो म्हणाला. “बान्याचा चांगला हाय. माहाच गेला.”

“औषध?”

“नागपूरले दाखवलं. पोरगा घेऊन गेलता. डाक्टर म्हन्ते, बोलू नोको. म्या म्हनलं, मंग करू काय?” तो हसला, त्याचा आवाज आला नाही. “पोरगा बोरगावले कारखान्यात लागला. तो म्हन्ते, बाबा, बाना ठेव खुटीले, मी रेडू आनतो.”

मी चूक कबूल करायला आलो होतो. वाक्यं जमवून आणली होती. त्यातलं पहिलंच म्हटलं, “काका, मी तुमाले मजूर समजलो नवतो.”

तो उठला, आत गेला, पिशवी घेऊन आला. बाना काढून मांडीवर ठेवला, पिशवीत हात घातला आणि पाकीट माझ्यापुढं धरलं. कडा मळलेल्या. वर माझ्याच अक्षरात १०१. चिकटवलेलं तसंच होतं. उघडलं नव्हतं.

मी त्याच्या छपराकडे पाहिलं. मनात गवताचा हिशेब झाला, सवयच ती. त्या पैशात अर्धं छप्पर नवं झालं असतं, वर मजुरी उरली असती.

“घेतलं काहून मंग त्या दिवशी?” मी विचारलं.

“दारात कोनी देलं तं नाई म्हनू नये. पन ते माहं नाई.” मग श्वास गोळा करून म्हणाला, “लेका, तुहा बाप माहा भाऊ होता. त्याचं नाव घ्याले मी आलतो. तू मले भाव सांगून राहिलता.”

मी पाकीट घेतलं. आयुष्यात माझ्या हाती परत आलेली सर्वांत जड रक्कम ती. मग विचारायचं तेच राहिलं होतं, आणि ते विचारायला लाज वाटत होती, कारण उत्तर त्याच्या घशात दिसतच होतं.

“काका, आता नाव कसं बसल?”

त्यानं बान्याची एक तार नखानं छेडली.

“मोह पडू दे. येतो.”

८ एप्रिल १९८४, रविवार. तो आला. या वेळी मायनं पाणी दिलं, मी ओसरीच्या कोपऱ्यात बसलो आणि हात मांडीखाली घेतले, ते पुन्हा काही काढून देऊ नयेत म्हणून. सुमन दाराच्या चौकटीला टेकून उभी. माय त्याच्याशी गोंडीत बोलायला लागली आणि तो मान हलवून, हातानं, ओठांनी उत्तरं देऊ लागला. मी आपला मोजायला लागलो. पन्नासच्या पुढं सोडून दिलं. वर्षभराचं साठलेलं बोलणं होतं ते, आणि पलीकडचा माणूस मुका. तरी मायला त्यात काही उणं वाटत नव्हतं. तिला उत्तर नकोच होतं बहुतेक, समजणारे कान हवे होते.

त्यानं बाना लावला. धनुकली ओढली. तो आवाज कसा सांगू? माणूस गुणगुणताना मध्येच आठवण येऊन थांबतो, तसा. एक ओळ वाजवली आणि थांबला. तोंड उघडलं, मिटलं. गळ्यावर हात ठेवून मायकडे पाहिलं.

माय म्हणाली, “मी सांगतो.”

तिच्या लग्नात तिनं ती नावं पहिल्यांदा ऐकली होती. मग दर तीन वर्षांनी, चुलीपाशी बसून, भाकरी थापताना. तिला कोणी शिकवली नव्हती, कोणी विचारलीही नव्हती. बाना वाजत राहिला आणि माय त्याच्यामागं नावं जोडत गेली. ती गात नव्हती, सांगतही नव्हती. पाटावर ताटं मांडावीत तशी एकेक नाव मांडत होती. नाव, मग गाव. नाव, मग गाव. पहिलं गाव देवगडच्या पायथ्याचं. मला भाषा येत नाही, पण नावं कळत होती. मी वही आणली नव्हती, म्हणून बोटांवर धरली. नऊ पिढ्या, सहा गावं. मी मनात पंचवीसनं गुणलं. सव्वादोनशे वर्षं. आणि त्या सगळ्या काळात एकही गाव आम्ही आपणहून सोडलेलं नाही. एक पाण्यानं, एक रोगानं, दोन सावकारानं, एक कुणाच्या तरी फौजेनं सोडायला लावलं. हे काकाच्या हातवाऱ्यांवरून आणि मायच्या अर्ध्या मराठीतून मला त्या दिवशी कळलं. सहावं जंगलात गेलं. म्हणजे आम्ही गेलो, जंगल तिथंच राहिलं.

दहावी पिढी माझ्या आजोबांची. माय थांबली. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. काका पुढं झुकला आणि त्या वाऱ्यासारख्या आवाजात म्हणाला, “मंगलू.” बाना पुढं सरकला.

मग अकरावं नाव आलं.

बान्यानं त्याची ओळ वाजवली आणि जागा मोकळी ठेवली. माय गप्प. पन्नास वर्षांच्या संसारात तिनं ते नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. दवाखान्यात नोंद करतानासुद्धा माझ्याकडे बोट केलं होतं. तिनं काकाकडे पाहिलं. काकानं ओठ हलवले, पण या वेळी वाराही निघाला नाही. की त्यानं काढला नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यानं तीच ओळ पुन्हा वाजवली. पुन्हा जागा मोकळी. तिसऱ्यांदा वाजवताना तो माझ्याकडे बघत होता.

“आवो,” सुमन दारातून हळूच म्हणाली, “तुमीच घ्या ना.”

मला भाषा येत नाही, असं मी म्हणणार होतो. पण नावाला भाषा कुठं लागते? मंडीत ते हजारदा ऐकलेलं. 'चैतू, पोतं उचल', 'चैतू, बाजूले हो', 'उद्या ये रे चैतू'. ते नाव कोणी नुसतं घेतलेलं, त्याच्यामागं काम न लावता घेतलेलं, मी कधी ऐकलंच नव्हतं.

“चैतू,” मी म्हणालो.

बाना चालू राहिला. काकानं हनुवटीनं खुणावलं, गाव.

“पांढुर्णा.”

सातवं गाव. मायनं पदर डोळ्यांवर ओढून घेतला आणि तशीच बसून राहिली. बाना थांबला तेव्हा बाहेर रस्त्यावर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली, आणि सुमननं चहा ठेवला.

माय जाऊन आता दोन वर्षं झाली. सुक्कूकाका गेल्या पावसाळ्यात गेला. त्याच्या मुलाला मी भेटून आलो, चांगला मुलगा आहे. बाना खुंटीला आहे, त्याला वाजवता येत नाही. मुलगी छिंदवाड्याच्या वसतिगृहात. घरात मी आणि सुमन. मायचं नाव कोणी कुठं बसवलं नाही. परवा पहाटे त्या मोहाखाली उभा राहून मी अकरा नावं आणि सात गावं क्रमानं म्हणून पाहिली, एकही चुकलं नाही. अकराव्यानंतर मायचं नाव म्हटलं. ओळीत ते कुठं बसतं, मला ठाऊक नाही. विचारायचं कोणाला, तेही नाही. सुमन मागून आली होती, मला कळलं नाही.

“कोनाशी बोलून राहिले?” तिनं विचारलं.

मी गप्प झालो. माय व्हायची तसाच. मग आम्ही दोघांनी तिच्या पदरात थोडी फुलं वेचली. सुमनला लाडू येत नाहीत. कसे करायचे ते मीच सांगितलं, जेवढं आठवलं तेवढं.

८ एप्रिलचा हिशेब राहिला, तो पुरा करतो. दुपारी जेवणं झाल्यावर मायनं आपल्या हातानं काकाला दिलं ते असं : वडिलांचा पितळी लोटा एक, त्यांची घोंगडी एक, धोतर एक, ज्वारी दोन पायली, आणि पदराच्या गाठीतून सोडलेला सव्वा रुपया. मी मध्ये बोललो नाही. काकानं लोटा पिशवीत घातला, घोंगडी खांद्यावर घेतली, आणि निघताना ओसरीच्या पायरीवर थांबला. सव्वा रुपया त्याच्या मुठीत होता. त्यानं माझा हात पुढं ओढला आणि मूठ त्यात उघडली.

“हे नाव घेनाऱ्याचं असते,” तो म्हणाला.

पाकीट पेटीत आहे, अजून उघडलेलं नाही. एकशे एक परत आले. लोटा, घोंगडी, धोतर आणि ज्वारी भावाला गेली. सव्वा रुपया, रुपयाचं एक नाणं आणि पंचवीस पैशांचं एक, मला मिळाला.